सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह डिस्क वाचत नाहीत : दुरुस्तीच्या नोंदी (फोंडा, जून-जुलै २०२४)

काम असं : फोंड्याजवळच्या एका वाचनालयाच्या कपाटात ३१८ डिस्का. जत्रेतली नाटकं, भजनी सप्ताह, घुमट आरत्या, जागर, साधारण २००३ ते २०१२ या काळातलं चित्रीकरण. हे सगळं हार्ड डिस्कवर उतरवायचं. हाताशी पाच ड्राइव्ह आणि पाचांपैकी एकही धड वाचत नाही. खालच्या नोंदी अशाच कामाला बसणाऱ्यांसाठी आहेत. आमच्या चुका मुद्दाम ठेवल्यात, कारण वेळ त्यांच्यातच गेला.

१४ जून

आधी ड्राइव्हना नावं दिली आणि मार्करनं वर लिहून टाकली. क : जुन्या विंडोज एक्सपी संगणकातला आयडीई (रुंद पट्टी केबलनं जोडायचा जुना प्रकार) ड्राइव्ह. ख आणि ग : विंडोज १० असलेल्या एकाच संगणकातले दोन साटा (बारीक केबलचा नंतरचा प्रकार) डीव्हीडी रायटर. घ : लॅपटॉपचा पातळ ड्राइव्ह, १२.७ मिमी जाडीचा. च : बाहेरून यूएसबीला लावायचा.

तपासणीसाठी चार डिस्का बाजूला काढल्या, कोऱ्या केसमधल्या आणि एकही ओरखडा नसलेल्या : छापील ऑडिओ सीडी, छापील सिनेमाची डीव्हीडी, घरी लिहिलेली सीडी-आर, घरी लिहिलेली डीव्हीडी-आर. कपाटातली डिस्क घालून ड्राइव्ह तपासायचा नाही. ती डिस्कच बिघडलेली असेल तर दोन दिवस ड्राइव्हच्या मागे जातात.

निकाल :

क : चारही वाचतो, पण सीडी-आर उतरवायला २५ मिनिटं, आणि तेवढा वेळ माऊस अडखळत चालतो.
ख, ग : विंडोजमध्ये दिसतच नाहीत. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारी संगणकाची मूळ प्रणाली) दोन्ही दिसतात.
घ : डिस्क फिरते, थांबते, पुन्हा फिरते. चारही नापास.
च : डिस्क वेग घ्यायला लागली की ‘टक’ आवाज, आणि ड्राइव्ह यादीतून गायब.

‘ड्राइव्ह मेलाय, नवीन घ्या’ असं पाचांबद्दलही आधी ऐकलं होतं. पण पाच ड्राइव्हमध्ये चार वेगळी लक्षणं आहेत.

१५ जून : ख आणि ग विंडोजमध्ये दिसत नाहीत

एका दिवशी दोन ड्राइव्ह मरत नाहीत. संगणक लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू केला तर दोन्ही दिसले, म्हणजे घोटाळा विंडोजचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोघांवर पिवळं चिन्ह, कोड १९. डिस्का लिहायचं एक जुनं सॉफ्टवेअर मागे कुणीतरी काढून टाकलं होतं, पण त्याचे फिल्टर (विंडोज आणि ड्राइव्हच्या मध्ये बसणारे छोटे प्रोग्रॅम) रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, राहिले होते. हे फिल्टर सगळ्या ऑप्टिकल ड्राइव्हना मिळून एकच असतात, म्हणून दोन्ही एकदम गेले.

उपाय : रजिस्ट्रीत सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास असं उतरत जायचं. तिथे ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी किल्ली सीडी-रॉमची. ती आधी एक्सपोर्ट करून ठेवायची. मग उजवीकडच्या अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या दोन नोंदी काढायच्या आणि संगणक पुन्हा सुरू करायचा.

इथे शेवटचा आकडा दोनदा वाचा. ९६५ च्या जवळच ९६७ आहे, ती हार्ड डिस्कची. तिथला अपरफिल्टर्स काढला तर विंडोज सुरूच होत नाही. ९६बी कळफलकाची. आमचा माऊस ९६७ वरच होता. एक्सपोर्ट करताना नाव वाचलं म्हणून वाचलो.

वेळ ४० मिनिटं, खर्च शून्य. दोन्ही ड्राइव्ह दिसायला लागले, आणि आता त्यांचे खरे आजार बाहेर आले. ख सीडी वाचतो, डीव्हीडी नाही. ग ट्रे आत घेतो आणि ‘डिस्क घाला’ म्हणतो.

१६ जून : क इतका हळू का

एक्सपीत आयडीई चॅनेलचे गुणधर्म उघडले. ‘सध्याचा ट्रान्सफर मोड’ : पीआयओ (माहिती प्रोसेसरनं स्वतः हलवायची जुनी, हळू पद्धत). वाचताना सहा वेळा टाइमआउट किंवा सीआरसी चूक (माहिती वाटेत बिघडल्याची) झाली की एक्सपी डीएमए (प्रोसेसरला मधे न घेणारी जलद पद्धत) सोडून पीआयओवर उतरतं आणि आपणहून परत वर चढत नाही. मग सगळं ओझं प्रोसेसरवर येतं, माऊस अडखळतो तो त्यामुळे.

सेकंडरी आयडीई चॅनेल अनइन्स्टॉल केलं आणि संगणक पुन्हा सुरू केला. अल्ट्रा डीएमए आलं. तीच सीडी-आर साडेचार मिनिटांत उतरली. खूश होऊन झाकण लावलं.

१७ जून

क पुन्हा पीआयओवर. चुका होत होत्या म्हणून मोड उतरला होता आणि आम्ही नुसता मोड वर चढवला, चुका तशाच ठेवल्या. पट्टी केबल बाहेर काढून पाहिली : डब्याच्या कडेवर घडी पडून दोन तारांवरचं आवरण चिरलेलं. ८० तारांची जुनी केबल ५० रुपयांना मिळाली. निळं टोक बोर्डला, काळं टोक मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. ड्राइव्हच्या मागचा जंपरही (पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर केला. चॅनेल पुन्हा अनइन्स्टॉल केलं. त्यानंतर २० डिस्का झाल्या, मोड उतरलेला नाही.

१८ जून : ख, सीडी वाचतो पण डीव्हीडी वाचत नाही

सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. हेडमध्ये दोन वेगळे डायोड असतात, त्यामुळे एक चालू आणि दुसरा बंद असं होऊ शकतं. पण भिंगावर धूर बसला तरी आधी डीव्हीडीच अडते : सीडीचे माग १.६ मायक्रॉन अंतरावर, डीव्हीडीचे ०.७४ वर. म्हणून आधी सफाई, निदान नंतर.

पहिली चूक : ब्रश लावलेली ‘लेन्स क्लीनर’ डिस्क, १८० रुपये. तीनदा फिरवली, फरक शून्य. कोरडा ब्रश धूळ हलवतो. इथे प्रश्न धुळीचा नव्हताच.

ड्राइव्ह उघडायची रीत : वीज बंद. पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप घालून ट्रे बाहेर काढायचा. ट्रेची पुढची पट्टी वर सरकवून काढायची. मग खालचे चार स्क्रू, मग दर्शनी पट्टीचे खटके. ट्रे न काढता पट्टी ओढली तर खटके मोडतात. ड्राइव्हला हात लावण्यापूर्वी संगणकाच्या उघड्या धातूला हात लावून घ्यायचा, लेझर डायोडला अंगातली स्थिर वीज सोसत नाही.

टॉर्च तिरपा धरून पाहिलं. भिंगावर निळसर झाक असते, इथे मध्यभागी दुधाळ चकती, आणि कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. बुरशी. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगावर जी येते तीच. खोलीतला आर्द्रतामापक त्या वेळी ८४ टक्के दाखवत होता, आणि संगणक चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेला.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, २५० मिली, २२० रुपये. कापसाची काडी बुडवून दुसऱ्या कापसावर टेकवायची, म्हणजे ती ओलसर राहते, ठिबकत नाही. भिंग केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असतं. काडी नुसती टेकवून मध्यातून कडेला हलकेच फिरवायची, भिंग खाली दबेल इतका जोर नको. दोन फेऱ्या, दर फेरीला नवीन काडी, शेवटी कोरडी. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, घासलेट यातलं काहीही चालणार नाही, भिंग प्लास्टिकचं असतं.

नंतर : छापील डीव्हीडी वाचली. डीव्हीडी-आर चाळीस सेकंद खडखडून नापास. पुन्हा सफाई, तेच. लिहिलेल्या डिस्केवरून प्रकाश कमी परततो, थकलेला लेझर तिथे आधी हरतो. ख ला ‘फक्त सीडी’ अशी चिठ्ठी लावली आणि विषय संपवला. नवीन हेड शोधत बसायच्या किमतीत जुना अख्खा ड्राइव्ह येतो.

१९ जून : ग, ट्रे आत जातो पण ‘डिस्क नाही’

कान देऊन ऐकलं. चांगल्या ड्राइव्हमध्ये ट्रे बंद झाल्यावर एक छोटा ‘खट’ येतो : मोटर आणि हेड असलेला आतला सांगाडा वर उचलला जातो आणि डिस्क वरच्या चुंबकी चकतीला चिकटते. ग मध्ये तो ‘खट’ नव्हता. ट्रे सरकवणारा रबरी पट्टा सैल झालेला, शेवटच्या दोन मिलिमीटरला घसरत होता. सांगाडा अर्धाच उठला की डिस्क पकडली जात नाही आणि ड्राइव्ह समजतो ट्रे रिकामा आहे.

पट्टा काढून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकला, कोरडा केला, पुली अल्कोहोलनं पुसली. ‘खट’ आला, डिस्क फिरली. पण वेग वाढताना ‘सुर्र’ असा घसरल्याचा आवाज. डिस्क जिच्यावर बसते त्या चकतीवरची रबरी कडी तुपकट झाली होती. तीही पुसली. काडीला काळा राप आला. चारही डिस्का पास.

हेड ज्या दोन दांड्यांवर सरकतं त्यांच्यावरचं ग्रीस मेणासारखं पिवळं पडलेलं. पुसून पांढरं सिलिकॉन ग्रीस लावलं, तांदळाच्या दाण्याएवढं, दोन दांड्यांना मिळून. जास्त लावलं तर उडून भिंगावर जातं.

२२ जून

ग पुन्हा ‘डिस्क नाही’. उकळलेला पट्टा तीन दिवस टिकला. हा उपाय एखादी डिस्क बाहेर काढण्यापुरताच खरा.

नवीन पट्ट्याचं माप असं काढलं : जुना पट्टा दाबून सपाट केला, लांबी ३८ मिमी. तिची दुप्पट करून ३.१४ ने भागलं, व्यास २४ मिमी. जुना ताणलेला, म्हणून २३ चा घेतला. चौकोनी छेद, १.२ मिमी. एकेक मिळत नाहीत, मिश्र पाकीट १६० रुपये. दुकानदार २० मिमीचाही ‘बसेल’ म्हणाला. बसतो, पण मोटर ओढत नाही आणि ट्रे अर्ध्यात अडतो. लावून पाहिलं, काढला.

२४ जून : ४६ डिस्का उगाच ‘मेलेल्या’

या कामातली सगळ्यात महागडी चूक. जुन्या नाटकांच्या व्हीसीडी (साध्या सीडीवर व्हिडिओ) लिनक्सच्या लॅपटॉपला च लावून उतरवत होतो (च आधीच दुरुस्त झाला होता, नोंद खाली आहे). सगळ्यांचा एकच हाल : फाइलींची नावं दिसतात, .डॅट फाइल कॉपी करताना पहिल्याच क्षणाला इनपुट-आउटपुट एरर. डिस्क खराब समजून १२ डिस्का पॉलिशनं घासल्या, बाकीच्या ३४ लाल डब्यात टाकल्या. आख्खा दिवस गेला.

संध्याकाळी त्यातली एक विंडोजच्या ख मध्ये घातली तर फाइल सरळ कॉपी झाली, व्हीएलसीत नाटक सुरू.

कारण : व्हीसीडीवरच्या चित्राच्या सेक्टरमध्ये (ड्राइव्ह एका वेळी वाचतो तो तुकडा) २०४८ नव्हे, २३२४ बाइट असतात, चूक सुधारण्याची जागाही चित्रालाच दिलेली असते. लिनक्स २०४८ चा सेक्टर मागतं आणि ड्राइव्ह नकार देतो. कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) नोंद वाचली असती तर दहा सेकंदांत कळलं असतं. तिथे ‘मीडियम एरर’ असेल तर डिस्क किंवा हेड. आमच्याकडे ‘इलीगल मोड फॉर धिस ट्रॅक’ होतं. म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत, मागणाराच चुकीचं मागतोय.

व्हीसीडी विंडोजवर नुसती कॉपी करा, नाहीतर लिनक्सवर व्हीसीडीएक्सरिप या प्रोग्रॅमनं काढा. ४६ पैकी ४३ निघाल्या. घासलेल्या १२ पैकी तीन आता खरोखरच अडखळतात, घासण्याआधी त्या कशा होत्या ते कधीच कळणार नाही.

२५ जून : च, ‘टक’ आणि गायब (काम २३ ला झालं, नोंद आज)

पातळ ड्राइव्ह फक्त ५ व्होल्टवर चालतो, पण डिस्कला वेग देताना क्षणभर एक अँपिअरच्या वर ओढू शकतो. यूएसबी २ चं तोंड ५०० मिलिअँपिअरचं. संगणकाच्या पुढच्या तोंडाला आतली लांब बारीक वायर, तिथे अजून गळती. मागच्या तोंडाला लावल्यावर सीडी वाचली, डीव्हीडीला पुन्हा टक. दोन तोंडांतून वीज घेणारी वाय केबल, १५० रुपये, काम संपलं. मधे हब लावायचा नाही.

क ला यूएसबीत बदलणाऱ्या ॲडॉप्टरवर (८५० रुपये) घेतला तेव्हाही हाच प्रकार. डेस्कटॉप ड्राइव्हला ५ आणि १२ दोन्ही व्होल्ट लागतात. सोबतच्या वीटेचे (वीज देणाऱ्या डब्याचे) १२ व्होल्ट मोटर सुरू होताना ११.१ वर येत होते. रद्दीतल्या एका राऊटरची १२ व्होल्ट, २ अँपिअरची वीट लावली, ठीक झालं. जोडण्याआधी पिनची धन-ऋण बाजू मीटरनं पाहिली, ती उलटी असेल तर ड्राइव्ह जळतो.

२६ जून : घ गेला, आमच्या हातून

झाकण नसलेला, म्हणून पाहणं सोपं. मोटर फिरते, भिंग दोन-तीनदा वर-खाली होऊन फोकस शोधतं, डीव्हीडीचा लाल ठिपका बाजूने अंधूक दिसतो. सीडीचा लेझर डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसला. भिंगात सरळ डोळा घालू नका. सफाई झाली, काही फरक नाही.

मग हेडच्या कडेचा लेझरची ताकद ठरवणारा इवलासा स्क्रू फिरवला. फिरवण्याआधीचा त्याचा रोध (ओममध्ये) लिहून ठेवला होता. साधारण दहा अंश फिरवल्यावर डीव्हीडी-आर वाचली, सलग चार डिस्का उतरल्या. पाचव्या डिस्केला मध्येच थांबला आणि आता ठिपकाही दिसत नाही. वाढवलेल्या ताकदीनं म्हातारा डायोड जळाला. ज्या ड्राइव्हला तसाही निरोप द्यायचा आहे त्यालाच हा प्रयोग करा. घ च्या जागी जुना साटा ड्राइव्ह ४०० रुपयांना आणला, त्याचं नाव छ. दुकानात आमच्या चारही डिस्का घालून पाहिल्याशिवाय पैसे दिले नाहीत.

२८ जून : डिस्का धुणं

बुरशी लागलेल्या ६० च्या आसपास. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर, मध्यातून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं आणि ओरखडा पडला तर तो मागाच्या दिशेने पडतो. सीडीची चूकसुधारणा सुमारे अडीच मिलिमीटरची सलग खोट भरून काढते, आडवा ओरखडा तेवढा नसतो, मागाबरोबर जाणारा असतो. शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा. नळाच्या पाण्याचे ठिपके राहतात. पंख्याखाली उभ्या वाळवायच्या, उन्हात नाही, सीडी-आरचा रंग उडतो.

सीडीची वरची, नाव लिहिलेली बाजू जास्त जपा. माहितीचा थर तिथेच, पातळ लॅकरच्या खाली आहे. ११ डिस्कांवर कागदी स्टिकर होते. एक सोलायला गेलो, चंदेरी थर स्टिकरबरोबर निघून आला, आरपार दिसायला लागलं. ती डिस्क संपली. बाकीच्या दहा स्टिकरसकट, वेग ४ एक्सवर बांधून वाचल्या. मधल्या भोकापाशी चीर गेलेल्या दोन होत्या, त्याही तशाच हळू. ५२ एक्सला डिस्क मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फिरते, चिरलेली असेल तर आत फुटते आणि ड्राइव्हही नेते.

धुतलेली किंवा एसीच्या खोलीतून आणलेली डिस्क लगेच घालू नका. डिस्केवर किंवा भिंगावर दव धरतं, तास-दीड तास थांबल्यावर तीच डिस्क वाचते. सकाळी नापास आणि दुपारी पास झालेल्या नऊ डिस्कांचं गूढ एवढंच होतं. आता ड्राइव्ह सकाळी अर्धा तास नुसते चालू ठेवतो आणि संगणक भिंतीपासून वीतभर पुढे ओढलाय.

१ जुलै

विंडोज सहा डीव्हीड्या ‘कोऱ्या’ म्हणालं आणि फॉरमॅट करू का विचारलं. नाही म्हणा. टीव्हीला जोडायच्या रेकॉर्डरवर लिहून फायनलाइज न केलेल्या (दुसऱ्या ड्राइव्हना वाचता यावी म्हणून शेवटी बंद न केलेल्या) होत्या. ज्याच्यावर लिहिल्या तो रेकॉर्डर चित्रीकरण करणाऱ्याकडे अजून होता, तिथे फायनलाइज केल्या, प्रत्येकी सात-आठ मिनिटं. सहाही वाचल्या.

डागाळलेल्या डीव्हीड्यांसाठी डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून निघेल तेवढं काढणारा प्रोग्रॅम), सेक्टर २०४८. पहिली फेरी अडेल तिथे न खरवडता पुढे जाणारी, मग उरलेल्यावर तीन फेऱ्या. नकाशा फाइल (कुठले सेक्टर निघाले, कुठले राहिले याची नोंद) दिलीच पाहिजे. तिच्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेले सेक्टर मागता येतात. एका जागराच्या डिस्केवर ग नं १४,२०८ केबी सोडलं होतं, च नं ते ९६ केबीवर आणलं, म्हणजे ४८ सेक्टर. छ नं त्यात भर घातली नाही. एकच ड्राइव्ह रात्रभर खरवडत ठेवण्यापेक्षा वेगळ्या बनावटीचा दुसरा ड्राइव्ह उपयोगी.

९ जुलै : हिशेब

३१८ पैकी पहिल्या फटक्यात पूर्ण २५१, धुवून किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये ४१, अर्धवट १७, काहीच नाही अशा ९. त्या नऊ ट्यूबलाइटसमोर धरल्या तर थरात टाचणीएवढी भोकं दिसतात, स्टिकर सोललेली त्यांतच. फेकलेल्या नाहीत, वेगळ्या डब्यात आहेत.

खर्च : अल्कोहोल २२०, पट्टे १६०, आयडीई केबल ५०, वाय केबल १५०, क्लीनर डिस्क (वाया) १८०, काड्या आणि कापड ९०, सिलिका जेल २४०, ॲडॉप्टर ८५०, डिस्टिल्ड पाणी ४०, छ ड्राइव्ह ४००. एकूण २,३८० रुपये. ग्रीस घरात होतं.

राहिलेलं : ग चा पट्टा ऑगस्टमध्ये पुन्हा पाहायचा. क च्या संगणकाची सीएमओएस बॅटरी (बोर्डवरचं घड्याळ चालवणारी) उतरलीय, दर वेळी तारीख २००२ येते. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर गरम करून परत डब्यात, या पावसात दर दहा दिवसांनी लागतंय.